खुणेच्या बरोबर समोर

मामांनी चालू ब्लोअरच्या बेअरिंगवर उजवा तळहात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा लॅपटॉप शून्य म्हणतोय, पण हाताला लागतंय की." भोसरीच्या एमआयडीसीतला तो लहानसा कारखाना, वर पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळत होता, खाली कटिंग ऑइलचा आणि भिजलेल्या गोणपाटाचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि लेथखाली लोखंडाचा कुरळा कीस साचलेला होता. कारखाना माझ्या मित्राचा. निवृत्तीनंतर हातात वेळ होता, म्हणून मी त्याला हौसेने एक प्रोग्रॅम लिहून दिला होता: पंख्याची थरथर मोजायची आणि तोल साधण्यासाठी किती वजन कुठे लावायचे ते सांगायचे. पडद्यावर हिरव्या अक्षरांत शून्य झळकत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. "मामा, तुमच्या हाताला जुन्या थरथरीची सवय झाली आहे," असे काहीतरी मी हसून म्हणालो. मामा हसले नाहीत. कापडाच्या बोळ्याने हात पुसत त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. "हे तुमचं यंत्र दर वेळी वजन खुणेवर तरी लावायला सांगतं, नाहीतर खुणेच्या बरोबर समोर. तीस वर्षं बॅलन्सिंग करतोय मी. पंखा असा आपल्या सोयीनं जड नसतो कधी."

त्यावर मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा सेन्सरच्या वायरीवर ढकलून मोकळा झालो असेन.

नाशिक फाट्याच्या पुलापासून दापोडीपर्यंत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, काचेवरचे वायपर एका लयीत इकडून तिकडे जात होते आणि ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नव्हते. खुणेवर, नाहीतर खुणेच्या समोर. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की शाफ्टवर चमकणाऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावतात, प्रत्येक फेऱ्यात प्रकाशाचा सेन्सर तो तुकडा पाहतो, आणि ती जागा म्हणजे शून्य अंश. पंखा कुठल्या बाजूला जड आहे हे त्या खुणेपासूनच्या कोनात सांगायचे असते. म्हणजे उत्तराला दोन अंगे आहेत, किती आणि कुठे. वीस ग्रॅम वजन चुकीच्या जागी लावले तर ते न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. आता जडपणाची जागा वर्तुळावर कुठेही असू शकते, तिला तीनशे साठ अंश मोकळे आहेत. माझ्या प्रोग्रॅमने सांगितलेल्या सगळ्या जागा मात्र शून्यावर किंवा एकशे ऐंशीवर होत्या. हॅरिस पुलापर्यंत येईतो मला एवढे कळून चुकले होते की मामांचा हात खरे बोलत आहे आणि माझा पडदा खोटे. खोटे नेमके कुठे आहे, ते मात्र अजून कळत नव्हते.

विद्यापीठ चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा गंमत म्हणून एक गोष्ट आठवली. या विद्यापीठाच्या आवारात ज्या संस्थेचे मुख्यालय आहे, त्या एनसीआरएची, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राची, महाकाय रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. एका विज्ञान दिनाला मी भाचीला घेऊन ती पाहायला गेलो होतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूर पसरलेल्या. या ३० थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाविषयी जे मोजते ती एक संमिश्र संख्या असते, म्हणजे वास्तव आणि कल्पित असे दोन भाग असलेली संख्या; ती कागदावर बाणासारखी काढली की तिला लांबी आणि कोन असतो. तिची लांबी सांगते की दोन थाळ्यांनी ऐकलेले किती जुळते. तिचा कोन सांगतो की एकीला ते दुसरीपेक्षा किती मागेपुढे ऐकू आले. कोन फेकून दिला तर आकाशातला उजेड आहे हे कळेल, पण तो कुठे आहे याचा पत्ता लागणार नाही. मी भाचीला हे मोठ्या ऐटीत समजावून सांगितले होते. ती टोमॅटोच्या शेतापलीकडच्या त्या थाळ्यांकडे पाहत मान डोलवत होती, आणि त्याच काळात माझ्या लॅपटॉपमध्ये, माझ्याच हाताने लिहिलेला प्रोग्रॅम, कोन फेकून देत बसला होता.

रात्री अकराच्या सुमारास कोथरूडच्या घरी, जेवणाचे टेबल पुसून त्यावर लॅपटॉप मांडून, मी एकेक ओळ तपासू लागलो. सेन्सरकडून येणाऱ्या लहरीचे पृथक्करण बरोबर होते. त्यातून पंख्याच्या गतीला जुळणारी संमिश्र संख्या नीट बाहेर पडत होती, वास्तव भाग आणि कल्पित भाग दोन्ही जागच्या जागी. पुढच्याच ओळीत ती हरवत होती. दोन वाचने साठवण्यासाठी मी नमपायकडून, म्हणजे पायथन भाषेतल्या आकडेमोडीच्या तयार साधनाकडून, दोन शून्यांची एक रांग मागून घेतली होती आणि संख्या तिच्यात ओतल्या होत्या. नमपायला नुसती शून्ये मागितली तर ते वास्तव संख्यांची रांग देते, दर घर ८ बाइटांचे. संमिश्र संख्येला १६ बाइट लागतात. रांग मागतानाच 'ही कॉम्प्लेक्स, म्हणजे संमिश्र, हवी' असे सांगायचे असते, आणि तो एक शब्द मी लिहिला नव्हता. अर्धी संख्या आत बसली, अर्धी बाहेर राहिली. आणि हे मला सांगितले गेले नव्हते असेही नाही! प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू होताना जो ओळींचा ढीग सरकत वर जायचा, त्यात एक इशारा होता की संमिश्र संख्या वास्तव करताना कल्पित भाग टाकून दिला जात आहे. कित्येक महिने ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. घराच्या दारावर लावलेली पाटी घरातल्या माणसाला जशी दिसेनाशी होते, तशी ती मला दिसेनाशी झाली होती.

हा घोटाळा किती बेमालूम होता हे पाहण्यासाठी मी कागद घेतला आणि हिशेबाला सोपे असे आकडे मांडले. समजा, पहिले वाचन ३+४जे आहे: ३ हा वास्तव भाग, आणि जे ज्याच्यामागे लागला तो ४ हा कल्पित. लांबी ५, म्हणजे पंखा सेकंदाला ५ मिलिमीटरने थरथरतो आहे. खुणेवर १० ग्रॅमचे ट्रायल वेट, म्हणजे चाचणीपुरते वजन, लावले आणि वाचन ५+५जे झाले. दोन वाचनांतला फरक २+जे, त्याला १० ने भागले की ०.२+०.१जे: एक ग्रॅम वजनाला हा पंखा कसा उत्तर देतो, म्हणजे थोडक्यात त्याचा स्वभाव. आता पहिल्या वाचनाला या स्वभावाने भागायचे आणि चिन्ह उलटे करायचे. उत्तर येते उणे २०, उणे १०जे. म्हणजे साधारण २२ ग्रॅम, खुणेपासून २०७ अंशांवर. हे झाले खरे उत्तर. माझ्या प्रोग्रॅमला मात्र पहिले वाचन ३ दिसले, दुसरे ५, स्वभाव ०.२, आणि वजन उणे १५. उणे म्हणजे उलट दिशेला. पंधरा ग्रॅम, खुणेच्या बरोबर समोर. त्याच्या जगात रेषेवर दोनच दिशा होत्या, पुढे आणि मागे; वर्तुळ त्याने पाहिलेलेच नव्हते.

पण खरी मेख पुढे आहे. ते पंधरा ग्रॅम लावल्यावर पंख्याची थरथर काय राहील? त्या वजनाचा परिणाम म्हणजे १५ गुणिले पंख्याचा स्वभाव, ३+१.५जे; तो ३+४जे मधून वजा: उरतात २.५जे. थरथर पाचवरून अडीचवर आली, म्हणजे निम्मी झाली; गिऱ्हाईक खूश. आणि २.५जे चा वास्तव भाग शून्य आहे. चुकीच्या उत्तराने नेमका तेवढाच भाग पुसून टाकला होता जेवढा माझ्या प्रोग्रॅमला दिसत होता, आणि मग त्याने तपासून पाहिले तर साहजिकच सगळे स्वच्छ. हा काही या सोप्या आकड्यांचा योगायोग नव्हे. ट्रायल वेट खुणेवर लावले की प्रत्येक पंख्याच्या बाबतीत हेच होणार आणि आम्ही ते नेहमी खुणेवरच लावत असू. इतकी प्रामाणिकपणे स्वतःला शाबासकी देणारी चूक मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही. तिला पकडायला असे काहीतरी लागणार होते ज्याला वास्तव आणि कल्पित यांतला फरक ठाऊकच नाही. मामांच्या तळहाताला तो ठाऊक नव्हता.

चाळीस वर्षांत पाहिलेली नाही हे मी लिहिले खरे, पण ते पूर्ण खरे नाही.

१९८४ साली, पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, आम्ही फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. कार्डांवर भोके पाडून प्रोग्रॅम द्यायचा, कार्डांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावून खिडकीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद घ्यायला जायचे. सातव्या रकान्यापासून पुढे विधान लिहायचे, हे अजून बोटांना पाठ आहे. फोरट्रानमध्ये संमिश्र संख्या लिहिण्याची पद्धत मला आजही सगळ्यांत देखणी वाटते: कंसात दोन संख्या, मध्ये स्वल्पविराम. त्यात ना आय, ना जे, ना बेरजेचे चिन्ह. आयर्लंडच्या हॅमिल्टनने एकोणिसाव्या शतकात संमिश्र संख्येकडे दोन वास्तव संख्यांची क्रमित जोडी म्हणून पाहायला शिकवले. त्याचेच हे रूप कार्डावर उतरले होते. मी झेड नावाच्या चलात अशी एक संख्या ठेवली आणि झेड छापायला सांगितला. दुसऱ्या दिवशी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदावर नुसते ३.० आले होते. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकांची आणि बाकी सगळी वास्तव संख्यांची, असा त्या भाषेचा न सांगता लागू होणारा नियम आहे; झेड कॉम्प्लेक्स आहे असे वर जाहीर करायला मी विसरलो होतो. आणि वास्तव चलात संमिश्र संख्या ठेवली तर फोरट्रान मुकाट्याने वास्तव भाग ठेवून घेते. कुरकुरसुद्धा करत नाही. आमचे सर विद्यार्थ्यांनाही अहोजाहो करणाऱ्या पिढीतले होते. त्यांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो, दोन खोल्यांचं बिऱ्हाड घेऊन आलात आणि खोली घेतलीत एक. मग अर्धं सामान रस्त्यावरच राहणार."

त्या वर्गातले निम्मे लोक तेव्हा वाड्यांतच राहत होते, त्यामुळे वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. शनिवार पेठेतल्या आमच्या दीड खोलीत सामान कसे बसवायचे याचे शास्त्र मला चांगलेच अवगत होते. शिकलो मात्र काही नाही, हे आता भोसरीत सिद्ध झाले.

माझा आताचा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या पायथनचा या बाबतीतला स्वभाव निराळा आहे आणि त्यावर माझा थोडा राग आहे, थोडे प्रेम आहे. संख्या तयार करायची तर दोन वाटा आहेत: कॉम्प्लेक्स असे नाव घेऊन कंसात दोन भाग द्यायचे, किंवा सरळ ३+४जे लिहायचे. दुसरी वाट जास्त वापरली जाते, पण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. आपल्याला वाटते की ३+४जे ही एक संख्या लिहिली. प्रत्यक्षात भाषेला तिथे फक्त ४जे ही कल्पित संख्या दिसते, आणि तिच्यात ३ मिळवण्याची ती एक साधी बेरीज असते. नुसते जे लिहिले तर चालत नाही, कारण नुसता जे म्हणजे कोणाचेतरी नाव. १जे लिहावे लागते. गणिताच्या पुस्तकांत आय असतो तो इथे जे झाला, कारण विजेच्या अभियंत्यांनी आय हे अक्षर करंटसाठी आधीच अडवून ठेवले होते आणि पायथनने त्यांची चाल उचलली. दोन संमिश्र संख्यांपैकी लहान कोणती असे विचारले, तर पायथन उत्तर द्यायचेच नाकारते. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे जरा कठीण जाते. आपल्याकडे दोन मिसळी, दोन शाळा, दोन पेठा समोर आल्या की लहान-मोठे ठरल्याशिवाय जेवण उतरत नाही. पण नकार रास्त आहे. रेषेवर क्रम असतो, प्रतलावर तो राहत नाही.

राग आहे तो काटेकोरपणाच्या जागांवर. मजकुरातून संख्या करायची असेल आणि बेरजेच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा सुटली असेल, तर पायथन ती संख्या घेत नाही. प्रोग्रॅमच्या ओळीत तीच जागा चालते, अवतरणचिन्हांत चालत नाही. एका मापकाच्या फाइलमध्ये अशा जागा सोडलेल्या होत्या आणि त्यापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. संमिश्र संख्येची साधी वास्तव संख्या करून दे म्हटले, तरी मूळ भाषा बाणेदारपणे नाही म्हणते, आणि तिथे मी तिला मनापासून दाद देतो. पण तिच्याच अंगणात वाढलेल्या नमपायमध्ये रांगेत रांग ओतली, की बाणा गळून पडतो आणि उरते एक पुटपुट. एका रिकाम्या जागेसाठी दार लावून घ्यायचे आणि अर्धी संख्या सांडली तर नुसते खाकरायचे, हे न्यायाचे नाही. अर्थात खाकरणे मी ऐकले नाही, हेही तितकेच खरे.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा कल्पित या शब्दावर मन घुटमळत राहिले. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात बीजगणितात स्वच्छ लिहून ठेवले की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे: न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्. रेषेवर उभे राहून पाहिले तर यात खोट काढायला जागा नाही. इटलीत कार्डानोने १५४५ मध्ये दहाचे असे दोन भाग शोधले ज्यांचा गुणाकार चाळीस होतो. पाच अधिक आणि पाच वजा, उणे पंधराचे वर्गमूळ. गुणाकार करून पाहिला, जमला, आणि याचा उपयोग काही नाही असे ठरवून तो पुढे गेला. या संख्यांचे बेरीज-गुणाकाराचे नियम धीटपणे १५७२ मध्ये छापले ते बोंबेल्लीने, आणि तो पेशाने दलदलीतले पाणी उपसून जमीन कोरडी करणारा अभियंता होता. कल्पित हे हिणवणारे नाव १६३७ मध्ये देकार्तने दिले, आणि ते अजून चिकटून आहे. या संख्येत मुळात दिशा आहे, ती कागदावर बाणासारखी काढता येते, हे डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे १७९७ मध्ये मांडणारा वेसेल हा जमीन मोजणारा होता. मला यात फार आपलेपणा वाटतो. दिवसभर साखळी ओढत शेताच्या बांधावरून फिरणाऱ्या माणसाला लांबी आणि दिशा वेगळ्या करून चालत नाही. 'कुठे' हा प्रश्न त्याच्या पायांना पडलेला असतो.

मामांच्या हातालाही तोच पडला होता, आणि त्याच्याकडे मी सेन्सरची वायर दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. रांग मागण्याच्या ओळीत तो एक शब्द घातला आणि भोसरीला गेलो. मामांना काय झाले ते कसे सांगावे, याची जुळवाजुळव वाटेत केली होती, प्रत्यक्षात म्हणालो एवढेच की, "मामा, अर्धा आकडा सांडत होता." ते म्हणाले, "हां," आणि कालचाच ब्लोअर पुन्हा चालू केला. जुने लावलेले वजन घासून काढले, ट्रायल वेट लावले, काढले. या वेळी पडद्याने २१४ अंश सांगितले. मामांनी खडूने समोरची जागा खुणावली, तिथून पुढे वीत मोजल्यासारखा हात नेला, थोडा मागे घेतला आणि एक तिरपी रेघ ओढली. वेल्डिंगची ठिणगी उडाली, धूर झाला, लोखंड निवेपर्यंत चहा आला. मग पुन्हा चालू ब्लोअर, पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा तळहात. पडद्याकडे त्यांनी पाहिले नाही. मीही पाहिले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्यांनी खिशातले एक रुपयाचे नाणे काढले, बेअरिंगच्या घरावर कडेने उभे केले आणि हात सोडला. ते उभे राहिले.

उरला प्रश्न आधी गेलेल्या पंख्यांचा. नोंदवहीत अकरा निघाले. त्यांतला एक तर मुळात काहीच वजन न लावता 'ठीक' म्हणून गेला होता, कारण त्याची सगळी थरथर माझ्या प्रोग्रॅमला न दिसणाऱ्या भागात होती. मित्राने कपाळाला हात लावला, पण फोन मीच करायचे हे न बोलता ठरले. बहुतेकांनी पंखे परत पाठवले. एकदोघांनी चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. साताऱ्याकडच्या एका पोहे गिरणीचे मालक मात्र काही केल्या तयार होईनात. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले की तोल अर्धाच झाला आहे, पूर्ण करून देतो, पैसे नकोत, गाडीभाडेही आम्हीच देऊ. पलीकडून पंख्याचा घरघराट ऐकू येत होता आणि त्यावरून आवाज चढवून ते म्हणाले, "अहो, पूर्वी भिंत हादरायची, आता फक्त चहाचा कप वाजतो. असू द्या आता." आणि त्यांनी फोन ठेवला.